धुराचा खडक

तंजावर जिल्ह्यात धबधबा नाही. जेथे डोंगर नाही तेथे धबधबा कोठून असणार? राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले बृहदीश्वराचे देऊळ हाच तेथला एकमेव डोंगर, असे कोणी थट्टेने म्हटले तर ते फारसे खोटे ठरणार नाही. शहर समुद्रसपाटीपासून साठएक मीटर उंचीवर वसले आहे, आणि तेथून पूर्वेला समुद्रापर्यंत जमीन इतकी सपाट पसरली आहे की पाण्याने कोणीकडे जावे हे त्याला पाटकालव्यांनी शिकवावे लागते. अशा मुलखात जन्मलेल्या माणसाला पाणी पडताना दिसते ते फक्त आभाळातून. नदीचे पाणी त्याच्या लेखी पडत नाही, ते येते. उन्हाळा सरत आला की बांधावर, बाजारात, देवळाच्या ओवरीत एकच प्रश्न ऐकू येतो : पाणी आले का? १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापिली. तेव्हापासून तेथे स्थिरावलेल्या मराठी घरांची बोली साडेतीनशे वर्षांत पुष्कळ पालटली, तामीळ शब्दांनी आणि तामीळ हेलांनी भरून गेली. पण हा प्रश्न विचारण्यात तामीळ घर आणि मराठी घर असा भेद कधीच उरला नाही.

हे येणारे पाणी वाटेत एके ठिकाणी पडते. कर्नाटकातून उतरणारी कावेरी तमिळनाडूच्या सीमेशी येते ती डोंगरांतील अरण्यातून, आणि त्या उंबरठ्यावरच ती खडकांवरून खाली कोसळते. त्या जागेचे नाव होगेनक्कल. तंजावरच्या खाचरांत जे पाणी उभे राहते, त्याचा फार मोठा भाग या खडकांवरून उडी घेऊन आलेला असतो. ज्या प्रपातावर आपला वर्षाचा तांदूळ अवलंबून आहे तो डोळ्यांनी पाहावा, असे तंजावरच्या एखाद्या माणसाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. नवल असेल तर एवढेच की, तेथे पोहोचल्यावर त्याला जे दिसते ते तो पाहावयास निघालेला असतो त्याहून निराळे असते.

दुर्गम अरण्यातील धबधबा म्हटला की आज जगात पहिले नाव निघते ते दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशातल्या एंजल प्रपाताचे. त्याची उंची ९७९ मीटर. पृथ्वीच्या पाठीवर इतक्या उंचीवरून पाणी पडत असलेले दुसरे ठिकाण ज्ञात नाही. तेथे जाण्याची तऱ्हाही त्या उंचीला साजेशीच आहे. कनाइमा नावाच्या खेड्यापर्यंत रस्ता जात नाही. लहानशा विमानातून तेथे उतरावयाचे, मग लांबोळक्या होडीत बसून आधी काराओ आणि नंतर चुरून या नद्यांच्या उलट्या प्रवाहात तासन्‌तास जावयाचे, आणि शेवटचा पल्ला अरण्य तुडवीत पायी चढावयाचा. होड्या हाकणारे असतात त्या भागातले पेमोन लोक. पावसाळा सरला की नदी आटते, होडी खडकांना घासू लागते आणि वाट बंद होते. जिमी एंजल हा अमेरिकन वैमानिक १९३३ साली सोन्याच्या शोधात त्या डोंगरांवरून उडत असता त्याच्या दृष्टीस हा प्रपात पडला. १९३७ च्या ऑक्टोबरात तो पत्नीला आणि दोघा सोबत्यांना घेऊन पुन्हा गेला आणि ज्याच्या कड्यावरून ते पाणी सुटते त्या पहाडाच्या सपाट माथ्यावरच त्याने विमान उतरविले. चाके चिखलात रुतली. चौघेही अरण्यातून पायी खाली आले, त्याला अकरा दिवस लागले. विमान मात्र तेहतीस वर्षे त्या माथ्यावर तसेच पडून होते. प्रपाताची उंची नीट मोजली गेली ती १९४९ साली, रूथ रॉबर्टसन या पत्रकार बाईने नेलेल्या मोहिमेत. वैमानिकाचे नाव त्या पाण्याला चिकटले ते कायमचे. पेमोनांनी त्याला आधीच नाव दिले होते, सर्वांत खोल जागेचा प्रपात अशा अर्थाचे, हे मात्र जगाला पुष्कळ उशिरा कळले.

त्या अचाट उंचीपुढे होगेनक्कलची उंची सांगावयास संकोच वाटावा. ती सारी वीसएक मीटर. पण एंजल प्रपात पाहून परतणाऱ्या प्रवाशाला, काल पाणी किती पडले आणि उद्या किती पडेल, याची काळजी नसते. ते पाणीही पुढे कारोनी नदीवरच्या गुरी धरणात जाते आणि त्याची वीज होते हे खरे; तथापि त्या हिशेबाची आठवण ठेवून कोणी विमानात बसत नाही. होगेनक्कलला जाणारा तंजावरकर मात्र तो हिशेब घरूनच बरोबर घेऊन निघतो.

विमानाने जावयाचे म्हटले तर त्याची सोय नाही. तंजावरला विमान हा शब्द उच्चारला की आधी आठवते ते देवळाचे शिखर, कारण द्राविड शिल्पशास्त्रात गाभाऱ्यावरील शिखराचे तेच नाव आहे, आणि बृहदीश्वराचे विमान काही उडणारे नव्हे. तशी शहराबाहेर एक धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पुढे वायुदूत कंपनीची लहान विमाने काही काळ मद्रासहून तेथे ये-जा करीत. पण उतारू पुरेसे मिळेनात आणि ती सेवा बंद पडली. २०१३ साली तेथे वायुसेनेचा तळ झाला आणि २०२० च्या जानेवारीत सुखोई विमानांची एक तुकडी तेथे आली. तेव्हा तंजावरच्या डोक्यावरून विमाने जातात खरी, पण धबधबा पाहावयास निघालेल्या माणसासाठी ती थांबत नाहीत. त्याने आगगाडी धरावी किंवा मोटार, आणि सेलमवरून धर्मपुरी गाठावी हे बरे.

ज्याला घाई नसेल त्याने मात्र नदीच्या काठाकाठाने वर जावे. तिरुवैयारूला, जेथे त्यागराजांची समाधी आहे, कावेरी अंगाने बारीक झालेली असते. इतक्या कालव्यांनी आणि शाखांनी तिला वाटून घेतलेले असते की ही एवढीच का ती नदी, असे वाटावे. वाटणीची जागा आणखी वर, कल्लणै येथे. कल्लणै म्हणजे दगडी बंधारा. करिकाल चोळाने तो बांधला अशी परंपरा आहे, आणि अठरा शतकांनंतरही तो पाणी वाटण्याचे आपले काम करतो आहे. वाळूत मोठमोठे दगड रुतवून त्यांवर दगड रचावयाचे, हे त्या जुन्या बांधकामाचे तंत्र पाहून एकोणिसाव्या शतकातला इंग्रज अभियंता आर्थर कॉटन थक्क झाला होता. त्याने स्वतः वरच्या अंगाला मुक्कोंबू येथे १८३६ च्या सुमारास बंधारा घातला, तोही चांगलाच टिकला. मात्र २२ ऑगस्ट २०१८ रोजी पुराच्या लोंढ्यात त्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. श्रीरंगमचे बेट मागे पडते, भवानीचा संगम मागे पडतो, आणि मग दोन डोंगरांच्या मध्ये मेट्टूरची प्रचंड भिंत उभी राहते. तिच्या पोटातला जलाशय अरण्यात मागे मागे शिरत जातो. काठाने जाण्याची सोय येथे संपते. रस्ता वळसा घेऊन धर्मपुरीला जातो, तेथून पेन्नागरम, आणि पेन्नागरमपुढे जंगलातला उतार लागतो. झाडांतून आधी आवाज ऐकू येतो. पाणी नंतर दिसते.

होगे म्हणजे धूर आणि कल म्हणजे दगड. कानडी माणसाने हे नाव दिले तेव्हा त्याने काही काव्य केले नाही, दिसले ते सांगितले. खडकावर आपटून उडणारे तुषार दूरून धुरासारखेच दिसतात. हे खडकही साधे नव्हेत. भूगर्भातील तप्त रसापासून बनलेला, पण चुनखडीच्या घटकांनी भरलेला असा कार्बोनेटाइट नावाचा दुर्मिळ दगड येथे सापडतो आणि त्याचे वय सुमारे २४० कोटी वर्षे मानतात. या जातीचे इतके जुने दगड जगात थोडेच आहेत. नदी येथे एका धारेने पडत नाही. खडकांच्या फटीफटींतून ती शिरते, तिच्या दहा वाटा होतात, कोठे पातळ पडदा, कोठे जाडजूड लोट, आणि सगळ्या वाटा खाली एका अरुंद घळईत एकत्र येतात. पहिल्या नजरेत प्रवासी गोंधळतो. धबधबा म्हणून बोट कशाकडे दाखवावे हेच त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी पाण्यात उतरावे लागते, आणि पाण्यात नेणारी वस्तू काठावर उपडी पडलेली असते.

तामीळमध्ये तिला परिसल म्हणतात. ती होडी आहे असे सांगितल्यावाचून कोणाला खरे वाटणार नाही. एखाद्या बुरुडाने राक्षसाच्या घरासाठी टोपली विणली आणि ती नदीवर विसरून गेला, असेच वाटते. बांबूच्या कामट्यांची वीण, सव्वादोन मीटर व्यास, उथळ आणि वाटोळा आकार. पूर्वी तिला बाहेरून कातडे लावीत. आता प्लास्टिकचे कापड लावून वर डांबर फासतात. हातखंडा कारागीर एका दिवसात एक परिसल पुरी करतो. सातआठ माणसे तीत कडेकडेने बसतात. अशा होड्या दक्षिणेतल्या नद्यांवर फार जुन्या आहेत. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरच्या अशाच वाटोळ्या, आत वेत आणि बाहेर चामडे असलेल्या होड्यांचे वर्णन करून ठेविले आहे. पंधरावीस माणसे, प्रसंगी घोडे आणि बैलसुद्धा, त्यांतून पार होत.

या होडीला पुढची बाजू नाही आणि मागची नाही. एका अंगाने वल्हे मारले की ती पुढे न जाता स्वतःभोवती फिरते. म्हणून परिसलवाला वल्हे बाजूला मारीत नाही. तो कडेवर बसून समोरचे पाणी आपल्याकडे ओढतो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि पाण्याला चुचकारीत टोपली सरळ नेतो. तिचा तळ इतका उथळ असतो की वीतभर पाण्यातल्या खडकावरूनही ती सरकून जाते. लांब, टोकदार होडी तेथे दोन घटका टिकणार नाही. घळईच्या दोन्ही अंगांना दगडी भिंती उभ्या असतात. वर आभाळाची पट्टी, खाली हिरवट काळे पाणी, आणि मग एका वळणावर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून पाणी पडू लागते. नवखा प्रवासी डोळे मिटून घेतो. परिसलवाला नेमका त्याच वेळी वल्ह्याचा एक फटका असा मारतो की टोपली भोवऱ्यासारखी गरगर फिरते, मुले किंचाळतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी देवाचे नाव येते. ही त्याची नेहमीची गंमत. वाट खडकांनी अडली की तो उतारूंना उतरवतो, ती टोपली डोक्यावर उचलून घेतो आणि पलीकडच्या डोहाकडे चालू लागतो. मागून पाहणाऱ्याला दोन पायांवर चाललेले मोठे कासव दिसते. डोहात दुसरी परिसले असतात, त्यांत खाऊ आणि थंड पेयांच्या बाटल्या मांडलेल्या; पाण्यावर तरंगणारे दुकानच. काठावर तेल चोळून देणारे बसलेले असतात. ताजे मासे विकत घेऊन दिले की लगेच तळून वाढणाऱ्या बायांच्या चुली धगधगत असतात. धुराच्या खडकाजवळ खरा धूर असतो तो एवढाच.

येथवर सारे सहलीसारखेच. पण तंजावरहून आलेला माणूस परिसलवाल्याशी बोलू लागला की त्याला एक ओळखीचा प्रश्न ऐकू येतो. हे लोकही रोज सकाळी पाण्याचीच चौकशी करतात. फक्त त्यांचा प्रश्न, पाणी आले का, असा नसतो. आज पाणी किती, असा असतो. सेकंदाला इतके हजार घनफूट, म्हणजे इतके हजार क्युसेक, या भाषेत त्याचे उत्तर येते, आणि शाळेचे तोंड थोडेच पाहिलेल्या माणसाच्या तोंडीही क्युसेक हा शब्द रुळलेला असतो. आकडा बेताचा असला की घाट खुला. आकडा वाढू लागला की जिल्ह्याचे अधिकारी आधी परिसले थांबवितात, मग स्नानही थांबवितात. घळईत पाणी चढते, खडक बुडतात, दहा वाटांची एकच वाट होते, आणि जो धबधबा पाहावयास लोक येतात तो स्वतःच्याच पाण्याखाली दिसेनासा होतो. ही मनाई योग्यच आहे; तसल्या लोंढ्यात टोपलीचे काय होईल हे परिसलवाल्याहून अधिक कोण जाणतो? पण घाट बंद म्हणजे चूल बंद. हातात वल्ह्यावाचून दुसरे हत्यार नाही, आणि वल्हे भिंतीला टेकून उभे.

२०१८ च्या जुलै महिन्यात हा आकडा लाख क्युसेकच्या वर गेला. लाख क्युसेक म्हणजे काय, हे त्रैराशिक मांडून पाहण्यासारखे आहे. तेवढा प्रवाह एक दिवस अखंड राहिला तर ८.६४ अब्ज घनफूट पाणी वाहून जाते. मेट्टूरचा जलाशय ९३.४७ अब्ज घनफुटांचा, तो पार रिकामा असला तरी अकरा दिवसांत काठोकाठ भरेल. २३ जुलैला मेट्टूरची पातळी १२० फुटांवर, म्हणजे पूर्ण भरतीच्या रेषेवर पोहोचली, आणि तसे पाच वर्षांनंतर घडत होते. खाली कालव्यांतून पाणी धावू लागले. बियाणे भिजत पडले, नांगर निघाले, तंजावरला माणसे कालव्याच्या पुलांवर उभी राहून नुसते पाणी पाहू लागली. त्याच दिवसांत होगेनक्कलला परिसले उपडी होती. ज्या पाण्याने खालच्याचा हंगाम उभा केला त्यानेच वरच्याची मजुरी बुडविली. यात कोणाचा दोष म्हणावयाचा? नदीला दोघांचे मन एकाच दिवशी राखता येत नाही. दोघे एकमताने दुःखी होतात ते मात्र दुष्काळात. तेव्हा प्रपाताच्या दोऱ्या होतात, परिसल खडकावर टेकते, आणि खाली खाचरांना भेगा पडतात.

नदीच्या या लहरीवर माणसाने आकड्यांचा लगाम घालण्याचा प्रयत्न केला आहे. होगेनक्कलच्या थोडे वर, अरण्यातच, बिळिगुंडलू नावाची जागा आहे. तेथे केंद्रीय जल आयोगाचे मोजणी ठाणे आहे, आणि कर्नाटकातून तमिळनाडूला किती पाणी मिळाले याचा पुरावा म्हणजे त्या ठाण्यातला आकडा. पाण्याच्या वाटणीचे करार १८९२ आणि १९२४ साली झाले होते. पुढे तंटा वाढत गेला. १९९० साली न्यायाधिकरण नेमले गेले. त्याने सतरा वर्षांनी, २००७ साली, सामान्य पावसाच्या वर्षी बिळिगुंडलूपाशी १९२ अब्ज घनफूट पाणी मिळावे असा निवाडा दिला. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तो आकडा १७७.२५ वर आणला. निकालावर दोन्हीकडे वाद रंगला असता जुलै आला, आणि नदीने त्या वर्षापुरती कोणाची मोजदाद शिल्लक ठेविली नाही. कर्नाटकाला वर मेकेदाटूपाशी, जेथे नदी बकरीने उडी मारून ओलांडावी इतक्या अरुंद घळीत शिरते, धरण बांधावयाचे आहे. तमिळनाडूचा त्याला विरोध आहे. बंगळूरची तहान खरी आणि तंजावरचे भातही खरे, तेव्हा या प्रश्नाला सोपे उत्तर असेल असे मानणारा माणूस एक तर फार दूरचा असला पाहिजे किंवा निवडणुकीला उभा राहिलेला.

तंटा नवा नाही, आणि त्यात मराठी राज्यही एकदा उतरले होते. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे १६८४ ते १७१२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. त्यांची कीर्ती आहे ती कवी आणि नाटककार म्हणून. मराठी नाट्यवाङ्मयाच्या आरंभीच्या कृतींत त्यांच्या 'लक्ष्मीनारायण कल्याणा'ची गणना होते. परंतु त्यांच्याच कारकीर्दीत, १७०० च्या आसपास, म्हैसूरच्या चिक्कदेवराय वडियारांनी कावेरीला वर बांध घातला, आणि खालच्या दोन्ही राज्यांत पाण्याचे दुर्भिक्ष झाले, असे इतिहासकार सांगतात. त्यांतले एक राज्य तंजावरचे, दुसरे मदुरेचे. तेथे राणी मंगम्माळ नातवाच्या नावाने कारभार पाहत होती. मदुरे आणि तंजावर यांचे त्या आधी नुकतेच युद्ध होऊन गेलेले. पण पाणी थांबले तेव्हा कालचे वैरी एक झाले आणि दोन्हीकडच्या फौजांनी मिळून म्हैसूरवर चालून जाण्याचे ठरले. लढाई मात्र झाली नाही. वर मोठा पाऊस पडला, नदी फुगली, आणि तिने तो बांध आपणच फोडून टाकिला. फौजा घरी परतल्या. ज्या राजाने रंगभूमीवर देवादिकांची लग्ने लावली त्याला आपल्या रयतेच्या पाण्यासाठी तलवार उपसावी लागली, आणि ती म्यान करण्याचे काम पावसाने केले. नाटकात हा प्रसंग कोणी घातला असता तर प्रेक्षकांनी तो ओढून ताणून आणलेला ठरविला असता.

तेव्हा बांध फुटला ते मातीकामाचे दिवस होते. मेट्टूरची भिंत १९३४ साली पुरी झाली तेव्हापासून तंजावरच्या पाण्याला पंचांग मिळाले. १२ जून हा मेट्टूरचे दरवाजे उघडण्याचा ठरीव दिवस. त्या दिवशी पाण्यात फुले आणि धान्य टाकतात, आणि पाणी निघते. तीनचार दिवसांनी ते कल्लणैला पोहोचते. तेथे पुन्हा फुले, पुन्हा दरवाजे, आणि मग कावेरी, वेण्णारू आणि कालवे यांतून वाटण्या. समुद्राकाठच्या शेवटच्या शेतांना आणखी थांबावे लागते. जूनमध्ये पाणी आले तर कुरुवै हे कमी मुदतीचे भात पेरता येते आणि त्यामागून दुसरे पीक निघते. उशिरा आले तर सांबा नावाच्या लांब मुदतीच्या एकाच पिकावर वर्ष काढावे लागते. एका तारखेवर घरातली लग्ने, कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी अशी लोंबकळत असते. पण पंचांगाला नदी बांधलेली नाही. २०११ नंतर सलग आठ वर्षे ठरल्या दिवशी दरवाजे उघडले नाहीत. २०२० साली १२ जून पुन्हा १२ जूनला आला. २०२२ साली पाणी इतके होते की २४ मे रोजीच ते सोडले. २०२४ साली जुलै सरत येईपर्यंत वाट पाहावी लागली.

जलाशय फार खाली गेला की त्याच्या तळाची एक गोष्ट वर येते. धरण झाले तेव्हा त्याच्या पोटात खेडी गेली. त्यांतले देऊळ गेले आणि पण्णवाडीचे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरही गेले. पाणी उतरू लागले की आधी त्या प्रार्थनामंदिराचा मनोरा पाण्याबाहेर डोकावतो, आणखी उतरले की जलकंठेश्वराचा नंदी उघडा पडतो. आसपासचे लोक तो पाहावयास जातात. नंदीचे दर्शन पुण्याचे खरे, पण तंजावरच्या शेतकऱ्याला ते वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात जरी घडले तरी त्याचे काळीज चरकते. नंदी पाण्याबाहेर याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, तामीळ मुलखात नदीच्या भरतीचा सण असतो. आडीपेरुक्कु त्याचे नाव. तिरुवैयारूच्या घाटावर त्या दिवशी पहाटेपासून बायकांची दाटी होते. चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात असे भाताचे नाना प्रकार डब्यांतून आणलेले असतात. कावेरी ही पहिलटकरीण मानून तिची ओटी भरतात. काळे मणी आणि ताडपानाची कर्णभूषणे तिला वाहतात, नव्या सवाष्णी गळ्यातला पिवळा दोरा बदलतात. ज्या वर्षी नदी कोरडी असते त्या वर्षी वाळूत खड्डा खणून किंवा नळाचे पाणी घागरीत घेऊन तीच पूजा उरकावी लागते, आणि अशी वर्षे घाटावरच्या प्रत्येक बाईने पाहिलेली असतात. होगेनक्कललाही त्या दिवशी जत्रा लोटते. पाणी बेताचे असेल तर परिसलवाल्याच्या वर्षातला तो सर्वांत कमाईचा दिवस. रांगा लागतात, टोपल्या एकामागून एक सुटतात, आणि घळईत भिंतींना आदळून हाका घुमत राहतात. पाणी दांडगे असेल तर काठावर दोर बांधलेला असतो, पोलीस उभे असतात, जत्रेकरू दोरामागून तांबूस लोट पाहतात, डोक्यावर पाणी शिंपडून घेतात आणि परततात. परिसलवाले उपड्या टोपल्यांना टेकून बसलेले असतात. मधूनच एखादा उठतो, काठाशी जातो, काल खूण केलेल्या खडकाकडे पाहतो, आणि परत येऊन बोटांनी दाखवतो की पाणी अजून एवढे वर आहे.